मदत हवी आहे: नामिबियात खडीच्या रस्त्यावर टायर गेला तर?

मंडळी, जुलैत आई-बाबांना घेऊन नामिबियाला जातोय. राजधानी विंडहुक, वाळूच्या टेकड्यांचं सोसुसव्ले आणि मग सॉलिटेअर या छोट्या वस्तीवरून सी-१४ रस्त्याने किनाऱ्यावरचं वॉल्विस बे. सॉलिटेअर ते वॉल्विस बे हा टप्पा सव्वादोनशे किलोमीटरच्या वर आहे, बहुतेक सगळा खडीचा. वाटेत फोनला रेंजही धड नसते. गाडी आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालवायची, त्यामुळे ती चिंता नाही. जीव अडकलाय तो टायरमध्ये.

भाड्याच्या फोर बाय फोरसोबत दोन स्टेपन्या मागितल्या आहेत. पंक्चर किट आणि १२ व्होल्टचा कंप्रेसर इथूनच नेईन. पण टोकदार दगडाने टायरची कड फाटली तर किटचा उपयोग नाही, स्टेपनीच लावावी लागणार. सुट्या खडीत जॅक रुततो, म्हणून त्याखाली लाकडी फळी ठेवणार आहे.

तिथे गाडी चालवलेल्यांनी कृपया सांगा: भरलेल्या गाडीत खडीवर हवा किती ठेवलीत? सॉलिटेअरला टायर दुरुस्त करून मिळतो म्हणतात, तो लगेच मिळतो की थांबावं लागतं? आणि टायर-काचेचा वेगळा विमा घेतलात का? मूळ विम्यात सहसा ते धरत नाहीत. बाबा सत्तरीचे आहेत, म्हणून जरा जास्तच विचारतोय.