विषय: जाहिरातीसाठी सदस्ययादी आज रात्रीपर्यंत हवी आहे

सचिव:
नमस्कार मंडळी,
मराठी मंडळाच्या ऑनलाइन गटाची फेसबुकवरची जाहिरात शनिवारी सुरू करायची हे बैठकीत ठरलंय, तो विषय पुन्हा काढत नाही. गाडी एकाच ठिकाणी अडली आहे. आत्ताच्या सदस्यांना वगळलं नाही, तर जाहिरात आपल्यालाच दिसत राहील आणि मंडळाचं नाव दिसलं की आपण आपुलकीने क्लिक करणार. पैसे जातातच, शिवाय सुरुवातीच्या प्रतिसादावरून यंत्रणा शिकते आणि पुढे तशीच माणसं शोधते. वगळण्यासाठी इमेलची यादी फेसबुकवर चढवावी लागते. त्याच यादीवरून ‘लुकअलाइक’ गटही, म्हणजे आपल्या सदस्यांसारख्या नव्या माणसांचा गट, करता येईल. त्याला एका देशातली किमान १०० माणसं लागतात, तेवढी आपल्याकडे आहेत. माई, रात्रीपर्यंत पाठवाल का?

माई (सदस्यनोंदणी):
यादी मिळणार नाही. लोकांनी इमेल मंडळाला दिला, कार्यक्रमांची पत्रं यावीत म्हणून. यादी चढवताना फेसबुक अटी मान्य करायला लावतं, ही माहिती वापरायचा हक्क तुमच्याकडे आहे असं लिहून घेतं. तिथे होकार कोण देणार? आपले काही सदस्य युरोपात असतात, तिथे २५ मे २०१८ पासून जीडीपीआर हा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा लागू आहे. स्मरणिकेच्या वेळी यादी बाहेर गेली तेव्हा सगळे फोन मला आले होते, कार्यकारिणीतल्या कुणालाही नाही.

संकेतस्थळ समिती:
माई, यादी उघडी जात नाही. आपल्या ब्राउझरमध्येच एसएचए-२५६ या पद्धतीने प्रत्येक इमेलचा हॅश, म्हणजे अक्षर-आकड्यांची सांकेतिक खूण, होतो आणि तेवढाच पुढे जातो. यात घाबरण्यासारखं काही नाही.

अण्णा:
हे अर्धंच झालं. एका इमेलचा हॅश कुणीही केला तरी तोच येतो, म्हणून तर जुळणी होते. ज्याच्याकडे तो पत्ता आधीपासून आहे त्याच्यापासून हॅश काहीही लपवत नाही. उलट त्याला एक नवी गोष्ट कळते, ती म्हणजे हा माणूस मराठी मंडळाचा सदस्य आहे. ते त्याला सांगायचं की नाही, हे त्या सदस्याने ठरवायला हवं. माझा माईंना पूर्ण पाठिंबा.
यादीशिवाय मार्ग आहे. गेल्या ३६५ दिवसांत आपल्या पेजवर ज्यांनी लाइक, कमेंट वगैरे केलं, तो गट फेसबुक स्वतःच बनवून देतं. तो वगळा.

संकेतस्थळ समिती:
अण्णा, पेजवर येऊन लाइक करणारे पण अजून सदस्य न झालेले, हेच तर आपल्याला हवे आहेत! तुमच्या मार्गाने नेमके तेच गळतील. लॉगिननंतरच्या पानावर पिक्सेल, म्हणजे कोण आलं ते फेसबुकला कळवणारा छोटा कोड, लावून तिथे पोचलेल्यांना वगळता येईल, पण त्यालाही कुकीजची परवानगी लागते. एप्रिल २०२१मध्ये आयफोनची आयओएस १४.५ ही प्रणाली आल्यापासून माग काढायला ॲपला परवानगी विचारावी लागते, त्यामुळे नकार देणारे आयफोनवाले निसटतात ते वेगळंच.

नाना (खजिनदार):
तुम्ही सगळे आत कसं आणायचं यावर भांडताय. आलेले टिकतात का, हे कोण बघणार? मी पूर्वी एका छंदाच्या गटात होतो. त्यांनी जाहिरात केली, आकडा फुगला आणि बोलणं बंद पडलं. अनोळखी माणसं इतकी वाढली, की जुन्यांना मोकळेपणाने लिहिवेना आणि नव्यांना वाचायलाच काही मिळेना. जेकब नील्सन यांनी २००६मध्ये लिहिलेला ९०-९-१चा ठोकताळा मला तिथे दिसला: ९० टक्के लोक नुसतं वाचतात, ९ टक्के अधूनमधून लिहितात, उरलेला १ टक्का बहुतेक सगळं लिहितो. म्हणून माझी अट अशी की निम्मीच रक्कम आत्ता सोडेन. उरलेली सोडताना ‘किती जण आले’ हे विचारणार नाही. महिन्याभराने त्यांतल्या किती जणांनी स्वतः काही लिहिलं, ते विचारेन.

काकू (स्वागत समिती):
नाना, नवे लिहीत नाहीत कारण त्यांना कुणी काही विचारत नाही. आलेल्या प्रत्येकाला नावाने हाक मारून एक सोपा प्रश्न विचारला की माणूस बोलतो. ते काम आमची समिती करते आणि तीच करेल, आपोआप जाणारा ठरावीक संदेश कृपया कुणी लावू नये. पण एका दिवशी गर्दी लोटली तर आम्हाला झेपणार नाही. रोजची मर्यादा कमी ठेवा.

माई:
कुकीज, पिक्सेल मला कळत नाही. सदस्यांना मी आज पत्र पाठवते: जाहिरात दिसली तर क्लिक करू नका, दुवा ओळखीच्यांना पाठवा. त्याच पत्रात विचारते, की वगळण्यासाठी तुमचा इमेल वापरला तर चालेल का. जे ‘हो’ म्हणतील तेवढेच पत्ते देईन. लुकअलाइकला नाही.

सचिव:
माई, चालेल. लुकअलाइक सोडून देऊ. काकू, रोजची मर्यादा तुम्ही सांगाल ती. संकेतस्थळ समिती, माहितीच्या पानावर नेऊ नका, जाहिरातीतून थेट नोंदणीच्या अर्जावर न्या. अर्जात नाव आणि इमेल एवढंच ठेवा, पत्ता नि व्यवसाय काढून टाका. नाना, जाहिरातीचं खातं अजून मागच्या सचिवांच्या वैयक्तिक प्रोफाइलला जोडलेलं आहे, कार्डही त्यांचंच. शनिवारच्या आत ते मंडळाच्या नावावर कसं करायचं?