एफटीपी नको, एसएफटीपीच लावा

चार-पाच जणांत फायली फिरवायला काय लावावं, या प्रश्नावर कुणीतरी साधं एफटीपी (नेटवर्कवरून फायली पाठवायची जुनी पद्धत) सुचवलंय. त्यात पासवर्ड उघडाच जातो, शिवाय पॅसिव्ह मोडसाठी (यात फायलींसाठी सर्व्हर दर वेळी वेगळं पोर्ट देतो) राउटरवर पोर्टांची, म्हणजे नेटवर्कच्या क्रमांकित दारांची, रांग उघडावी लागते. एसएफटीपी एसएसएचच्या (दूरच्या मशीनशी कूटबद्ध जोडणी) आतून चालतं, त्याला एकटं २२ नंबरचं पोर्ट पुरतं. बडोद्यात आमच्या दांडिया बाजारच्या ऑफिसात जुन्या लिनक्स मशीनवर हेच चालतं. प्रत्येकाला वेगळं खातं, सगळ्यांचा एक ग्रुप आणि त्या ग्रुपला एसएसएच सर्व्हरच्या सेटिंगमध्ये 'फोर्सकमांड इंटर्नल-एसएफटीपी', म्हणजे शेल (मशीनवर कमांड चालवायची सोय) मिळत नाही. घोडं पेंड खातं ते क्रूटच्या फोल्डरपाशी, म्हणजे ज्याच्या बाहेर खातेदाराला जाता येत नाही त्या फोल्डरपाशी! तो रूटच्याच (मशीनच्या मुख्य खात्याच्या) मालकीचा हवा, परवानगी ७५५ (लिहिणं फक्त मालकाला, बाकीच्यांना नुसतं वाचणं-उघडणं). ग्रुपला लिहिता येत असेल तर लॉगिन होताच कनेक्शन तुटतं. फायली टाकायला आत त्या-त्या माणसाच्या मालकीचा वेगळा फोल्डर करा. आणि बाहेरून उघडणार असाल तर पासवर्ड बंद करून की (ओळख पटवणारी गुप्त फाइल) वापरा, कृपा करून.