माल दाखवायला फिरतो, नकाशा आणि ऑर्डर बुक एकाच मशीनमध्ये पाहिजे, काय घेऊ?

टॉवेलवाला_एमआयडीसी

नमस्कार मंडळी. आमचं टॉवेल-नॅपकिनचं छोटं युनिट आहे सोलापुरात अक्कलकोट रोडला आणि मार्केटिंग म्हणजे मीच, सॅम्पलची पिशवी घेऊन विजापूर, जमखंडी, बागलकोट, इकडं कलबुर्गी, उमरगा, लातूर असं फिरायचं, अधूनमधून हैदराबादला बेगम बाजार. कधी कार, कधी बाईक. आत्ता सगळं एकाच फोनवर चाललंय आणि त्याचा वैताग आलाय. नकाशा लावलेला असतो, तेवढ्यात पार्टीचा फोन येतो, बोलता बोलता वळण मागं जातं, आणि दुकानात पोचल्यावर रेट-लिस्ट दाखवायची तर बॅटरी संपत आलेली. ऑर्डर अजून वहीतच लिहितो, घरी आल्यावर मिसेस एक्सेलमध्ये घेते आणि माझं अक्षर तिला लागत नाही यावरून रोज वेगळं नाटक.

तर पाहिजे काय, की खिशात बसणारं एक मशीन, नेट नसलं तरी नकाशा चालला पाहिजे कारण बॉर्डरच्या पलीकडं आतल्या गावात रेंज जाते, गिऱ्हाइकांच्या दुकानांच्या जागा त्यात टाकता आल्या पाहिजेत (दीडशेच्या आसपास असतील), रेट-लिस्ट, ऑर्डर, साधा हिशोब, पीडीएफ. बजेट २५ हजार, ओढूनताणून थोडं वर. मोबाईलवाला म्हणतो ८ इंची टॅब घ्या. मेव्हणा म्हणतो गार्मिनचं हातातलं जीपीएस घे, ट्रेकवाले घेतात ते. चुलतभाऊ कुरियरमध्ये आहे, तो म्हणतो आमच्याकडं असतंय तसलं स्कॅनरवालं दणकट घे, पडलं तरी काय होत नाही. तिघंही छातीठोक बोलतात, मला काय कळंना.

नान्नजचा_माळ

मेव्हण्याला माझा नमस्कार सांगा, पण तुमच्या कामाला गार्मिन नको. माझ्याकडं गार्मिनचंच ईट्रेक्स आहे, माळावर आणि सह्याद्रीत भटकायला एक नंबर. ईट्रेक्स ३२एक्स दोन साध्या पेन्सिल सेलवर २५ तास चालतं, सेल संपले तर टपरीवर मिळतात, आणि त्याची स्क्रीन उन्हात उलट जास्त छान दिसते, मोबाईलचं याच्या बरोबर उलटं असतं. पण स्क्रीन आहे २.२ इंची. टच नाही, बटणं दाबत दाबत एकेक अक्षर टाकायचं. एक्सेल नाही, पीडीएफ नाही, फोन नाही. ‘कॉम्प्युटर’ हा भाग त्यात शून्य आहे, रस्ता सोडून डोंगरात शिरणाऱ्यासाठी केलेली वस्तू आहे ती. तुम्हाला दुकान शोधायचंय, कडा नाही.

आणि एक महत्त्वाचं, ऑनलाईन बघताना त्याच कंपनीचं ‘इनरीच’ नावाचं मॉडेल दिसेल, सॅटेलाईटवरून मेसेज पाठवणारं. ते चुकूनही मागवू नका. नुसतं जीपीएस हे फक्त ऐकणारं यंत्र आहे, ते वर काही पाठवत नाही म्हणून त्याची अडचण नाही. पण सॅटेलाईटवरून मेसेज किंवा कॉल करणारं काहीही आपल्याकडं दूरसंचार खात्याच्या परवानगीशिवाय बाळगता येत नाही, विमानतळावर परदेशी ट्रेकर लोक यात अडकलेत.

हुतात्माने_आलो

टॅब पण नको ओ. ८ इंची टॅब कुठल्या खिशात बसतो ते मोबाईलवाल्याला विचारा.

गोडाऊन_नाईटशिफ्ट

चुलतभाऊ जे म्हणतोय त्याच्यावर मी बोलतो, रोज तेच हातात असतं. त्याला आम्ही स्कॅनरच म्हणतो पण आत सरळ अँड्रॉइड असतं. झेब्रा, हनीवेल वगैरे कंपन्यांचं. मजबूत आहे यात वाद नाही, फरशीवर पडलं तर फरशी बघायची. बऱ्याच मॉडेलची बॅटरी काढून दुसरी टाकता येते, हे मला स्वतःला फार आवडतं, आजच्या फोनमध्ये ती सोय गेलीच. पण तुमच्यासाठी तीन भानगडी आहेत. नवं घेतलं तर बारकोड स्कॅनरचे पैसे तुम्ही फुकट मोजणार, कारण तुमच्या नॅपकिनवर तुम्ही बारकोड लावता का? नाही ना. जुनं घेतलं तर अँड्रॉइड जुनं, आज ना उद्या बँकेचं आणि यूपीआयचं अ‍ॅप नाही म्हणतं, आणि गिऱ्हाइकाकडून पैसे घ्यायचे तर तेच लागतं. तिसरी गोष्ट कोणी सांगत नाही, यातले कित्येक फक्त वायफायवाले असतात आणि त्यात जीपीएसच नसतं. झेब्राचं टीसी२१ आणि टीसी२६ दिसायला जुळे भाऊ, पण २१ मध्ये सिम पण नाही आणि जीपीएस पण नाही, २६ मध्ये दोन्ही. जुन्या बाजारात दुकानदार २१ गळ्यात मारतो आणि माणूस गोडाऊनच्या बाहेर पडला की मग कळतं.

टॉवेलवाला_एमआयडीसी

हे मला माहीतच नव्हतं. म्हणजे जीपीएस नसलेलं मशीन पण नकाशा दाखवतं? कारण दुकानात टॅबवर तर निळा ठिपका बरोबर नव्या पेठेतच दाखवत होता, मी बघितलं स्वतः.

एल१_एल५

तो ठिपका वायफायवरून आलेला असू शकतो. आजूबाजूच्या राऊटरवरून अंदाज बांधून मशीन जागा सांगतं, नव्या पेठेत पावलापावलाला वायफाय आहे म्हणून बरोबर दाखवतं. हेच भीमेच्या पलीकडं हायवेला आलात की ठिपका जागच्या जागी थिजतो. अ‍ॅपलच्या आयपॅडचं तर ठरलेलंच आहे, नुसत्या वायफायच्या आयपॅडमध्ये जीपीएस नसतं, सिमवाला घेतला तरच असतं. अँड्रॉइड टॅबमध्ये काहीत असतं, काहीत नसतं, म्हणून मॉडेलचं नाव घालून तपासायचं. ‘जीपीएसटेस्ट’ नावाचं फुकट अ‍ॅप आहे, त्यात कुठला उपग्रह किती जोरात लागतोय ते पट्ट्यांत दिसतं, एकही पट्टी उभी राहिली नाही तर विषय संपला.

दुसरं, ‘नाविक आहे’ (म्हणजे आपल्या भारताची जीपीएससारखी यंत्रणा) म्हणून जास्त पैसे मागितले तर देऊ नका. आपलं आहे याचा आनंद आहेच, पण नाविकची रचनाच सात उपग्रहांची, आणि आजचा साधा फोनसुद्धा जीपीएस, रशियाचं ग्लोनास, युरोपचं गॅलिलिओ, चीनचं बायडू असं सगळं एकदम ऐकतो. खरा फरक पडतो ते ड्युअल फ्रिक्वेन्सीनं, म्हणजे उपग्रहाचे एल१ आणि एल५ हे दोन्ही सिग्नल फोन ऐकतो. बेगम बाजारसारख्या गल्लीत सिग्नल भिंतींवर आपटून येतो आणि ठिपका शेजारच्या गल्लीत जाऊन बसतो, तिथं एल५ ची मदत होते. २०१८ मध्ये शाओमीच्या ‘मी ८’ फोनमध्ये हे पहिल्यांदा आलं, आता मधल्या किमतीच्या बऱ्याच फोनमध्ये मिळतं. आणि होकायंत्र, म्हणजे मॅग्नेटोमीटर, आहे का बघा. स्वस्त फोनमध्ये तोच कापतात, मग गाडीतून उतरून उभे राहिलात की नकाशाला कळतच नाही तुमचं तोंड कुठं आहे.

रिटायर्ड_आप्पा

पोरांनो तुम्ही जे मागताय ते लोक वीस वर्षांपूर्वी पण मागत होते, म्हणून जरा मागचं सांगतो, घाई असेल तर खाली जा. २००३ मध्ये गार्मिननंच आयक्यू ३६०० काढलं होतं, पाम ओएसवर चालणारी खिशातली डायरी आणि जीपीएस एकत्र, मागून अँटेनाचं झाकण उघडायचं आणि आकाशाकडं करायचं. पत्ते, भेटीच्या वेळा, हिशोब आणि नकाशा, सगळं एकात! कल्पना तुमच्याच कामाची. मग २००७ ला नोकिया एन९५ आला, फोनमध्येच जीपीएस, आणि जानेवारी २०१० मध्ये नोकियानं ओव्ही मॅप्सचं नेव्हिगेशन फुकट केलं, नकाशे फोनमध्ये भरून ठेवा आणि नेट बंद करून फिरा. तिथून पुढं वेगळं मशीन विकणाऱ्यांचं दुकान बसत गेलं. आता परत तुम्ही वेगळं मशीन मागताय, मला गंमत वाटली. माझं मत विचाराल तर मशीन वेगळं असू द्या, पण ते दुसरा फोनच असू द्या.

एमआर_बॅगवाला

आप्पांशी सहमत. मी औषध कंपनीत आहे, उमरगा-बसवकल्याण-भालकी माझीच लाईन, त्यामुळं तुमचं दुखणं मला नीट कळलं. दुसरा फोन घ्या, ६.७ इंचाच्या आसपासचा, मेमरी कार्डाचा खाच असेल तर उत्तम, ब्राईटनेस भरपूर. त्यात एक डेटाचं सिम, आणि त्या नंबरवर कुणालाही फोन करू देऊ नका, नंबर घरच्यांनाच माहीत पाहिजे. हा नियम पाळला तरच वेगळं मशीन घेतल्याचा उपयोग, नाहीतर महिनाभरात त्याच्यावर पण पार्ट्यांचे फोन सुरू होतात आणि तुम्ही आहे तिथंच.

आता नकाशा. गूगल ऑफलाईन उतरवून ठेवता येतं पण नेट नसताना ते फक्त गाडीचा रस्ता सांगतं, चालत जायचं म्हटलं की हात वर करतं, ट्रॅफिक तर नाहीच, आणि उतरवलेला तुकडा वेळोवेळी अपडेट करावा लागतो. म्हणून जोडीला ऑरगॅनिक मॅप्स नाहीतर ओएसएमअँड ठेवा, दोन्ही ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे लोकांनीच मिळून बनवलेल्या फुकट नकाशावर चालतात, महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगणा घरच्या वायफायवर एकदाच उतरवायचं. ऑरगॅनिक साधं आहे, जाहिरात नाही. ओएसएमअँड जरा किचकट पण तुमच्या कामाचं तेच आहे, कारण प्रत्येक दुकान ‘फेवरिट’ म्हणून टाकता येतं, त्याला रंग देता येतो, आणि खाली टीप लिहिता येते: शटर कधी उघडतं, मागची उधारी, मालकाला फिका रंग चालत नाही, काय वाट्टेल ते. मी उधारीवाले लाल ठेवतो. पूर्ण यादी जीपीएक्स फाईल म्हणून बाहेर काढता येते, म्हणजे उद्या फोन बदलला तर दीडशे दुकानं परत टाकत बसायला नको. नकाशाची भाषा पण बदलता येते, कर्नाटकात आत गेलं की नावं कन्नडमध्ये दिसायला लागतात, वाचता येत असेल तर प्रश्न नाही. शोधताना विजापूर टाकून नाही सापडलं तर विजयपुरा टाका, २०१४ ला नावं बदलली तिकडं.

ऑर्डरसाठी गूगल शीट. प्रत्येक फाईलवर ‘ऑफलाईन उपलब्ध’ हे आधीच चालू करून ठेवा नाहीतर बरोबर गिऱ्हाइकासमोर ती गोल गोल फिरत बसते. दुकानाचं नाव, साईज, रंग, डझन, रेट, एवढेच कॉलम. जास्त केलेत तर काउंटरवर उभ्यानं भरून होत नाही. रेंज आली की वहिनींकडं आपोआप पोचतं, अक्षराचं भांडण मिटलं.

हुतात्माने_आलो

अक्षराचं मिटेल, उधारीच्या लाल ठिपक्यांवरून नवीन सुरू होईल ते बघा 😄

काचेवर_ऊन

सगळे बोलले पण सोलापूरच्या उन्हावर कोणी बोललं नाही याचं आश्चर्य वाटलं. काय करूलालाव बे, एप्रिल-मे विसरलात का? अ‍ॅपल स्वतः लिहितं की आयफोन-आयपॅड वापरायचं हवेचं तापमान ० ते ३५ अंश, आणि आपल्याकडं ४२-४३ तर सावलीतलं. काचेला चिकटवलेला होल्डर, वरून ऊन, स्क्रीन फुल ब्राईट, जीपीएस चालू आणि खालून फास्ट चार्जिंग. मग फोन स्वतःच ब्राईटनेस पाडतो आणि काळा आरसा हातात येतो, तो पण नेमका चौकात. कारमध्ये होल्डर एसीच्या जाळीवर लावा, साधा चार्जर वापरा, आणि गाडी लावून दुकानात जाताना मशीन खिशात घेऊन जा, डॅशबोर्डवर कधीच नको. बाईकवर तर अजून एक, अ‍ॅपलनं २०२१ ला सांगितलंय की मोठ्या इंजिनाच्या मोटरसायकलच्या कंपनानं कॅमेऱ्याचं स्थिरीकरण (ओआयएस) बिघडू शकतं. दुसरा कुठला फोन असला तरी रबरवाला माउंट घ्या, ओआयएस नसलेला कॅमेरा असेल तर उलट बरंच.

टॉवेलवाला_एमआयडीसी

सगळ्यांचे आभार, एवढं मिळेल वाटलं नव्हतं. ठरलं की मग, टॅब कॅन्सल, गार्मिन मेव्हण्यालाच घेऊ दे. दुसरा फोन, ड्युअल फ्रिक्वेन्सी, होकायंत्र, मेमरी कार्ड. उरलेल्या पैशात माउंट आणि पॉवर बँक बसते बहुतेक. एमआर साहेब, उधारीला लाल म्हणजे माझा अर्धा नकाशा लाल होईल. रविवारी नव्या पेठेत जातो, दुकानातच विमान मोडवर टाकून जीपीएसटेस्ट लावून बघतो चालतंय का.

एल१_एल५

दुकानात नाही, दुकानाच्या बाहेर, उघड्या आकाशाखाली. स्लॅबखाली कुठल्याच फोनला नीट लागणार नाही. आणि विमान मोडवर पहिल्यांदा लावाल तेव्हा वेळ जाईल, लगेच खराब म्हणून परत देऊ नका. एरवी फोन उपग्रहांची माहिती नेटवरून घेतो म्हणून झटकन लागतं, नेट बंद असलं की ती माहिती थेट उपग्रहाकडून ऐकावी लागते, आणि ती इतकी सावकाश येते की एका उपग्रहाच्या जागेची माहिती ३० सेकंदांनी एकदा फिरून येते, सगळ्या उपग्रहांचं पूर्ण पंचांग यायला तर साडेबारा मिनिटं. कोरा फोन असेल तर चार-पाच मिनिटं धरूनच चला. त्या वेळात फोन हलवत बसू नका, गाडीच्या टपावर ठेवा आणि चहा मागवा. एकदा लागलं की बंद करून परत लावा, दुसऱ्यांदा काही सेकंदांत लागलं पाहिजे. दुसऱ्यांदाही तेवढाच वेळ घेतला तर मात्र तो फोन घेऊ नका, दुसरा दाखवा म्हणा.