दहा बाय आठच्या खोलीसाठी कोणता कीबोर्ड घ्यावा: ६१ पट्ट्यांचा की ८८?

वाड्यातला_विद्यार्थी:
नमस्कार. मी पुण्यात अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला असून सदाशिव पेठेतल्या एका जुन्या वाड्यात, पहिल्या मजल्यावरच्या दहा बाय आठ फुटांच्या खोलीत मित्रासोबत राहतो. दोन खाटा, टेबल आणि कपाट मांडल्यावर खिडकीखाली साडेचार फूट भिंत मोकळी उरते. गावी असताना मी हार्मोनिअमची प्रवेशिका पूर्ण ही परीक्षा दिली होती. आता ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या संगीत परीक्षांच्या निमित्ताने पियानो पद्धतशीर शिकावा आणि जमेल तशी भावगीतांना साथही करावी, अशी इच्छा आहे. दुकानदार ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड पुरेसा असल्याचे सांगतात, तर शिकवणाऱ्या बाई ८८ पट्ट्यांच्या डिजिटल पियानोचा आग्रह धरतात. खालच्या मजल्यावर घरमालकीण आजी राहतात आणि त्यांची दुपारची झोप मला मोडायची नाही. कृपया मार्गदर्शन करावे.

शिकवणी_संध्याकाळची:
सर्वप्रथम एक गोष्ट स्पष्ट करून घ्यावी. ट्रिनिटीची पियानोची परीक्षा आणि इलेक्ट्रॉनिक कीबोर्डची परीक्षा या दोन स्वतंत्र परीक्षा आहेत. कीबोर्डच्या परीक्षेत डावा हात बहुतांशी कॉर्ड (एकत्र दाबलेले तीन-चार स्वर) धरतो आणि ताल व साथ वाद्यातून येते. पियानोत मात्र दोन्ही हातांना स्वतंत्र ओळी वाजवाव्या लागतात. आपल्याला पियानोच शिकायचा असेल, तर बाईंचे म्हणणे योग्य आहे.

याचे कारण पट्ट्यांच्या संख्येपेक्षा त्यांच्या वजनात आहे. पहिल्या एक-दोन ग्रेडच्या रचना ६१ पट्ट्यांत सहज मावतात. पण हार्मोनिअमवर आवाजाचा लहान-मोठेपणा भात्यातून येत असल्यामुळे आपल्या बोटांना पट्टी केवळ दाबण्याची सवय आहे, आणि पियानोवर तर तो संपूर्णपणे बोट किती वेगाने खाली जाते यावर ठरतो. शिवाय आपला डावा हात आजवर भात्यावर होता, म्हणजे तो जवळजवळ कोराच आहे. असा हात हलक्या, स्प्रिंगच्या पट्ट्यांवर वर्षभर घडवला आणि परीक्षेच्या दिवशी खऱ्या पियानोवर बसवला, तर हळू वाजवायचे स्वर उमटतच नाहीत, हे मी विद्यार्थ्यांच्या बाबतीत अनेकदा पाहिले आहे. म्हणून हातोडीची यंत्रणा असलेल्या, खर्जाकडे किंचित जड होत जाणाऱ्या पट्ट्या घ्याव्यात.

जागेची भीती बाळगू नये. यामाहा पी-४५ ची लांबी सुमारे १३३ सेंटिमीटर, खोली ३० सेंटिमीटरपेक्षा किंचित कमी आणि वजन साडेअकरा किलो आहे. साडेचार फूट म्हणजे १३७ सेंटिमीटर, त्यामुळे तो आपल्या भिंतीला बसतो. याउलट पीएसआर-ई३७३ सारखा ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड लांबीला ९५ सेंटिमीटरच्या आत असला, तरी त्याची खोली सुमारे ३७ सेंटिमीटर आहे. म्हणजे तो भिंतीवर जागा वाचवतो, पण चालण्याच्या वाटेत अधिक पुढे येतो. एवढ्या लहान खोलीत हा फरक रोज जाणवतो.

वाद्य अभ्यासाच्या टेबलावर मात्र ठेवू नये. टेबलाची उंची साधारण ७५ सेंटिमीटर असते. त्यावर वाद्याची उंची चढली की खांदे वर उचलले जातात आणि अर्ध्या तासात मान दुखू लागते. पट्ट्यांचा पृष्ठभाग जमिनीपासून ७२ ते ७४ सेंटिमीटरवर येईल असा स्टँड घ्यावा.

गिरगावची_चाळ:
हेडफोन लावले की शेजारच्यांना काहीच ऐकू जात नाही, असा समज असतो. तो अपुरा आहे. मी चाळीतल्या लाकडी जमिनीच्या खोलीत तीन वर्षे वजनदार पट्ट्यांचा पियानो वाजवला. हेडफोनमुळे स्वर बाहेर जात नव्हते. परंतु पट्ट्या तळाला आपटण्याचा धपधप आवाज स्टँडच्या पायांतून जमिनीत उतरत असे, आणि खालच्या मावशींना वाटे की वर कोणी खलबत्ता कुटत आहे. स्टँडच्या पायांखाली रबराची जाड चटई आणि तिच्याखाली दुहेरी घडीची सतरंजी घातल्यावर तक्रार थांबली. आपल्या वाड्याची जमीन लाकडी असल्यास हे पहिल्याच दिवशी करावे आणि आजींच्या झोपेच्या वेळी वाजवू नये.

नवे वाद्य परवडत नसेल, तर वापरलेले घेण्यास हरकत नाही. दुकानात किंवा विकणाऱ्याच्या घरी सर्व ८८ पट्ट्या एकेक करून आधी अगदी हळू आणि मग जोरात वाजवून पाहाव्यात. एखादी पट्टी हळू दाबूनही मोठ्याने बोलत असेल, तर तिच्याखालचा संपर्क बिघडला आहे असे समजावे.

स्वयंभू_गंधार:
वरील दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे. भर फक्त साथीच्या बाजूने घालतो. तंबोरा चांगला जुळला की खर्जाच्या तारेतून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो, त्यापेक्षा कीबोर्डचा शुद्ध गंधार सुमारे १४ सेंट (सेंट म्हणजे लगतच्या दोन पट्ट्यांमधील अंतराचा शंभरावा भाग) चढा असतो, कारण त्यात सप्तकाचे बारा भाग समान केलेले असतात. भावगीतात हे खपून जाते. ख्यालाच्या साथीला मात्र कानाला बोचते. काही कीबोर्डांत प्रत्येक स्वर स्वतंत्रपणे उतरवण्याची सोय असते. रागसंगीताची साथ हाच मुख्य हेतू असेल, तर ही सोय आहे का, हे विकत घेण्यापूर्वी पाहावे.

आणखी एक आग्रहाची विनंती आहे. गायकाचा षड्ज काळी चारला असला, की सगळे स्वर एकदम वर-खाली सरकवणारे ट्रान्स्पोजचे बटण दाबून सवयीच्या पट्ट्यांवर वाजवण्याचा मोह होतो. आपण हार्मोनिअमवर सा बदलून वाजवायला शिकला असाल, तर ती कमाई या बटणापायी घालवू नये.

वाड्यातला_विद्यार्थी:
आपणा सर्वांचा मनापासून आभारी आहे. काल वर्तमानपत्रे चिकटवून १३३ बाय ३० सेंटिमीटरचा कागद कापला आणि खिडकीखाली अंथरला. वाद्य बसते, पण मागे खुर्ची ठेवली की दार उघडत नाही. सुदैवाने माझी खाट गादीसह ४८ सेंटिमीटर उंच आहे आणि तिच्या कडेवर बसल्यास हात योग्य उंचीवर येतात, त्यामुळे खुर्चीची गरजच उरत नाही. जमीन लाकडीच आहे. एक वापरलेला पी-४५ कोथरूडमध्ये मिळतो आहे. रविवारी स्वतःचा हेडफोन घेऊन तो पाहायला जातो आणि ८८ पट्ट्या वाजवून झाल्या की येथे कळवतो. रबराची चटई आजच आणली आहे.