दहा इलेक्ट्रोड आणि बारा लीड

प्रश्न: ईसीजी काढताना शरीरावर दहाच इलेक्ट्रोड लावतात, तरीही कागदावर बारा लीड उमटतात आणि त्यांपैकी एव्हीआर (aVR) या लीडमध्ये बहुतेक लहरी उलट्या दिसतात. असे का होते?

उत्तर १: लीड म्हणजे तार नव्हे, तर हृदयाकडे पाहण्याची एक दिशा होय, हा गोंधळ अनेकांचा होतो. हातापायांच्या इलेक्ट्रोडमधील विभवांतरांवरून सहा आणि छातीवरून सहा लीड मिळतात. उजव्या पायाचा इलेक्ट्रोड मोजणीत धरलेला नसतो.

उत्तर २: सायनस नोडमध्ये (हृदयाची गती ठरवणाऱ्या नैसर्गिक केंद्रात) उगम पावलेला विद्युत आवेग एव्ही नोडमध्ये (वरच्या व खालच्या कप्प्यांमधील दुव्यात) क्षणभर रेंगाळून निलयांत, म्हणजे खालच्या कप्प्यांत, पसरतो आणि त्याची एकूण दिशा सामान्यतः डावीकडे व खाली असते. विध्रुवीकरणाची (पेशींचा विद्युतभार पालटण्याची) लाट ज्या लीडच्या धन टोकाकडे येते, तेथे लहर वर उमटते. एव्हीआर मात्र उजव्या खांद्याच्या बाजूने पाहत असल्यामुळे तिला ही लाट दूर जाताना दिसते आणि लहर खाली उमटते. म्हणूनच एव्हीआरमध्ये पी लहर (वरच्या कप्प्यांच्या विध्रुवीकरणाची लहर) वर उमटलेली दिसली, तर निदानाकडे वळण्यापूर्वी हातांच्या तारांची अदलाबदल झालेली नाही ना, हे अवश्य तपासावे.

प्रश्नकर्ता: म्हणजे लीड १ (उजवा हात ते डावा हात) आणि लीड २ (उजवा हात ते डावा पाय) यांच्या सरासरीचे चिन्ह बदलले की एव्हीआर मिळते?

उत्तर २: होय, अगदी बरोबर.