‘सत्यघटनेवर आधारित’, ‘बेतलेला’ की ‘प्रेरित’?

प्रश्न : आमच्या फिल्म सोसायटीच्या पत्रिकेसाठी ‘द टेक्सास चेन सॉ मॅसकर’ (१९७४) या कमी खर्चात काढलेल्या भयपटाचा परिचय लिहीत आहे. ‘एड गीन या खुन्यापासून प्रेरित, सत्यघटनेवर आधारित कल्ट चित्रपट’ असे मी लिहिले होते. सहकाऱ्यांनी ‘प्रेरित’ आणि ‘आधारित’ या दोन्ही शब्दांखाली रेघ मारली. कोणता शब्द ठेवावा? ‘मॅसकर’साठी ‘हत्याकांड’ चालेल का?

उत्तर : आपल्या सहकाऱ्यांनी रेघ योग्य ठिकाणी मारली आहे. ‘आधारित’ हा शब्द मराठीत आता रुळला असला, तरी आपल्याकडे त्याहून नेमका शब्द आहे तो ‘बेतलेला’. शिंपी कापड बेततो तेव्हा अंगाची मापे आधी घेतो, ती खडूने कापडावर उतरवतो आणि मगच कात्री चालवतो. म्हणून ‘सत्यघटनेवर बेतलेला चित्रपट’ म्हटले की घटनेची मापे चित्रपटात सापडली पाहिजेत, ही वाचकाची अपेक्षा रास्तच असते.

या चित्रपटात ती मापे जुळत नाहीत. गीन अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातल्या प्लेनफील्ड या गावचा. नोव्हेंबर १९५७ मध्ये त्याला अटक झाली आणि त्याने दोन स्त्रियांच्या खुनांची कबुली दिली. तो शेतघरात एकटा राहत असे. चित्रपटात मात्र अख्खे कुटुंबच मारेकरी आहे, बळी पडणारी माणसे गाडीतून आलेली तरुण मंडळी आहेत आणि सारे टेक्सासमध्ये घडते. गीनच्या प्रकरणात साखळीची करवत, म्हणजे शीर्षकातला ‘चेन सॉ’, नव्हतीच. ती कल्पना आपल्याला दुकानातल्या गर्दीत हार्डवेअरच्या विभागात अडकलो असताना सुचली, असे दिग्दर्शक टोबी हूपर यांनी सांगितले आहे. इतकेच नव्हे, तर चित्रपटाच्या आरंभीच्या निवेदनात १८ ऑगस्ट १९७३ ही तारीख येते आणि चित्रीकरण झाले ते त्याच उन्हाळ्यात; म्हणजे जी ‘सत्यघटना’ म्हणून सांगितली जाते, ती घडण्यापूर्वीच कॅमेरा सुरू झाला होता. त्या वेळी गीन विस्कॉन्सिनमधल्या मनोरुग्णालयात होता आणि पुढे १९८४ साली तो वारला. तेव्हा ‘आधारित’ आणि ‘बेतलेला’ हे दोन्ही शब्द इथे गळतात.

‘प्रेरित’ची अडचण वेगळी आहे. संस्कृतातल्या ‘ईर्’ धातूला ‘प्र’ उपसर्ग लागून हा शब्द होतो, आणि पुढे लोटणे, चालना देणे एवढाच त्याचा मूळ अर्थ आहे. त्या अर्थाने तो चुकीचा नाही. पण मराठीत आपण प्रेरणा घेतो ती शिवचरित्रापासून, संतांच्या अभंगांपासून, एखाद्या शिक्षकापासून. शब्दाला आदराचा असा वास लागला असताना ‘खुन्यापासून प्रेरित’ हे वाचताना दचकायला होते, आणि ज्या दोन स्त्रियांचा जीव गेला त्यांच्या बाबतीत हा अविचार मला मनापासून खटकतो. ‘प्रेरित’ ठेवायचाच असेल तर ‘गीन प्रकरणाने प्रेरित’ असे लिहावे. निदान व्यक्ती बाजूला होते.

माझे मत मात्र ‘कथाबीज’ या शब्दाच्या बाजूने आहे. बी आणि झाड यांचे रूप सारखे नसते, तरी नाते खरे असते, आणि इथे नेमके तसेच झाले आहे. गीनच्या घरात पोलिसांना कातडीचे मुखवटे आणि हाडांच्या, कातड्याच्या वस्तू सापडल्या, आणि त्यांपैकी बहुतेकांसाठी लागणारे अवशेष त्याने कबरी उकरून आणलेले होते. चित्रपटाने उचलले ते हेच : कातडीचा मुखवटा घालणारा लेदरफेस, आणि ती खोली, जिथे जमिनीवर पिसे व हाडे पसरली आहेत, हाडांचे कोच आहे आणि लहानशा पिंजऱ्यात कोंबडी टांगलेली आहे. म्हणजे बीज खुनांत नसून उकरलेल्या कबरींत आहे. चित्रपटाची सुरुवातही कबरींच्या विटंबनेनेच होते. याच प्रकरणाचे बीज हिचकॉक यांच्या ‘सायको’च्या (१९६०) मुळाशी असलेल्या कादंबरीतही आहे, पण हे दोन चित्रपट शेजारी ठेवले तर एकाच घटनेवर बेतलेले आहेत असे कुणालाही वाटणार नाही.

‘कल्ट’ला, म्हणजे निष्ठावान चाहत्यांनी डोक्यावर घेतलेल्या चित्रपटासाठी वापरतात त्या शब्दाला, ‘पंथ’ किंवा ‘संप्रदाय’ म्हणू नये, धार्मिक अर्थ चिकटतो. ‘कल्ट’च राहू द्यावा.

आता ‘मॅसकर’. ‘हत्याकांड’ मला इथे पटत नाही. कांड म्हणजे प्रकरण, जशी रामायणाची कांडे. त्यामुळे जालियनवाला बाग हत्याकांड किंवा पुण्याचे जोशी-अभ्यंकर हत्याकांड म्हटले की इतिहासात वा पोलिसांच्या दप्तरी नोंदलेली घटना डोळ्यांपुढे येते, आणि ज्या खोट्या दाव्याला आपण वर नकार दिला तोच मागच्या दाराने आत येतो. ‘कत्तल’ घ्यावा. अरबीतून आलेला हा शब्द मराठीत कत्तलखान्याशी जोडला गेला आहे, आणि चित्रपटातले कुटुंब कत्तलखान्यातच राबलेले, यंत्रे आल्यावर हातोड्याचे कसब निरुपयोगी ठरलेले आहे. पहिला तरुण पडतो तो डोक्यात हातोडा बसून, गुरासारखाच. शिवाय आपण ‘झाडांची कत्तल’ म्हणतो, आणि साखळीची करवत हे मुळात झाडे तोडण्याचेच हत्यार. ‘शिरकाण’मध्ये यातले काहीच येत नाही.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. पण वाचक ‘सत्यघटना’ हे शब्द शोधतातच, कारण जाहिरातीत तसा दावा होता. तो पूर्ण गाळावा का?

उत्तर : गाळू नये, दावा म्हणूनच नोंदवावा. आपले वाक्य असे करता येईल : ‘सत्यघटना म्हणून जाहिरात झालेल्या, पण प्रत्यक्षात काल्पनिक असलेल्या या कल्ट भयपटाचे कथाबीज विस्कॉन्सिनमधल्या एड गीन प्रकरणात आहे.’ ‘प्रकरणात’ हा शब्द तेवढा काढू नका.