चौथीच्या मुलांसाठी लुटुपुटूचा तपास: पुरावे कसे रचावेत?

प्रश्न – चौथीची वर्गशिक्षिका, नागपूर

नमस्कार. मी नागपुरातील एका मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. शाळेची पितळी घंटा नाहीशी झाल्याची बनावट घटना रचून मुलांकडून गटागटाने तिचा तपास करून घ्यावा, असा विचार आहे. मात्र असे खेळ बहुधा अंदाजांवर संपतात आणि ज्याचा आवाज मोठा, त्याचाच निष्कर्ष वर्ग मान्य करतो. शाळेत प्रयोगशाळा नाही. कोणते पुरावे ठेवावेत?

उत्तर – निवृत्त विज्ञान शिक्षक

मॅडम, आधी उत्तर ठरवा आणि मग उलट्या दिशेने पुरावे रचा. संशयित चार असावेत आणि प्रत्येक पुराव्याने त्यांतील नेमका एकच वगळला जावा, म्हणजे मुलांना ‘मला वाटते’ असे म्हणून सुटता येणार नाही.

पहिला पुरावा शाईचा ठेवावा. घंटेच्या जागी काळ्या स्केचपेनने लिहिलेली चिठ्ठी सापडते. तिघांकडे त्याच कंपनीचे पेन आणि चौथ्याकडे दुसऱ्या कंपनीचे. गाळणकागदाच्या पट्टीवर टोकापासून दोन सेंटीमीटरवर ठिपका द्यावा आणि ठिपका पाण्याच्या वर राहील अशा बेताने ते टोक पाण्यात बुडवावे. पाणी वर चढताना शाईतील रंगद्रव्ये सोबत नेते, पण सगळी सारख्या वेगाने चढत नाहीत. त्यामुळे एकाच काळ्या ठिपक्यातून निळा, जांभळा, पिवळा असे पट्टे सुटे होतात. बॉलपेन किंवा पक्क्या शाईचे मार्कर येथे चालणार नाहीत, कारण त्यांची शाई पाण्यात विरघळत नाही. पेनांची जोडी घरी आधी तपासून घ्यावी. काही वेळा दोन कंपन्यांचे पट्टे फार सारखे येतात.

दुसरा पुरावा पावलाचा. आपल्याकडची काळी माती ओली करून परातीत थापली की चपलेचा ठसा उत्तम उमटतो. त्याची लांबी पट्टीने मोजता येते, आणि गणिताचा तासही सत्कारणी लागतो.

उत्तर – तिसरीतील मुलीची आई

बोटांचे ठसे मुले मागणारच. पेन्सिलीने कागदावर गडद घोटावे, त्यावर बोट घासून पारदर्शक चिकटपट्टीवर दाबावे आणि ती पांढऱ्या कागदावर चिकटवावी. शंख, चक्र आणि कमान हे आकार मुले सहज ओळखतात. मात्र शंख सर्वाधिक, म्हणजे सुमारे 60 ते 65 टक्के बोटांवर आढळतो. म्हणून चिठ्ठीवर चक्राचा ठसा ठेवावा. तो कोणत्या बोटाचा हे ठाऊक नसल्याने संशयिताची दहाही बोटे पाहावी लागतील, आणि एकाही बोटावर चक्र नसेल तरच त्याला वगळता येईल. ठशांची वर्गवारी करणारे जगातील पहिले कार्यालय 1897 मध्ये कोलकात्यात सुरू झाले आणि त्या पद्धतीमागे अझीझुल हक व हेमचंद्र बोस यांचे मोठे काम होते, हेही मुलांना जरूर सांगावे.

उत्तर – एक मुख्याध्यापक

पुराव्यांबाबत मी सहमत आहे. माझा आग्रह संशयितांविषयी आहे. कोणत्याही मुलाला किंवा शिपाईकाकांना खेळापुरतेही चोर ठरवू नये, कारण चिडवणे तासानंतरही चालू राहते. चारही संशयित शिक्षक असावेत, आणि शेवटी उरणारी व्यक्ती मुख्याध्यापक. घंटा घासून उजळायला त्यांनीच नेली होती, एवढे कारण पुरे. शिवाय मुख्याध्यापकांची दहा बोटे काळी करण्याची संधी मुले सोडणार नाहीत.

प्रश्नकर्त्या शिक्षिका

सर्वांचे आभार. सरांची परवानगी मिळाली आहे. चक्र अजिबात नसलेला एक सहकारी मात्र अजून शोधायचा आहे.